मोजणीतलं मूल

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत शिरताना आजही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हयात मुलं किती, त्यांतली 28 मार्च 2005 नंतर जन्मलेली किती, आणि आकडा दोनाच्या वर गेला तर आपण अपात्र ठरू याची कल्पना आहे, असं लिहून खाली सही करायची. याच महाराष्ट्रात, नागपुरात, डिसेंबर 2024 मध्ये सरसंघचालक मोहन भागवतांनी दोनाहून अधिक, म्हणजे तीन मुलांचा आग्रह धरला. थोडंच आधी आंध्र प्रदेशाने जास्त अपत्यं असणाऱ्यांवरची स्थानिक निवडणुकांतली बंदी उठवली होती. दक्षिणेला भीती आहे ती म्हातारपणाची आणि लोकसभेतल्या जागा घटण्याची. इतकी वर्षं एका बाजूने ओढलेली दोरी आता दुसऱ्या बाजूने ओढायची, एवढाच काय तो बदल. दोरीच्या मधोमध उभ्या असलेल्या बाईला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

तसं सुरुवातीला विचारलं होतं, आणि ते मुंबईतच. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं ते देशाची खानेसुमारी डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. वर्षाआड बाळंतपणाने खंगत जाणारी बाई त्यांना दिसत होती, आणि आपल्या शरीराचा निर्णय तिचा तिने घ्यावा हा त्यांचा हट्ट होता. त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले, तरी 1953 मध्ये जाईपर्यंत माणूस मागे हटला नाही. शकुंतला परांजपे यांनीही हेच काम पुढे नेलं.

1952 मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं. कर्व्यांची साधनं उचलली. बाईची मर्जी मात्र हळूहळू बाजूला पडली. लाल त्रिकोण, तांबी, शस्त्रक्रियेची शिबिरं, आणि या सगळ्यावर उद्दिष्टाचा आकडा. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक 1976 मध्ये मंजूर केलं ते महाराष्ट्राच्याच, पुरोगामी म्हणवणाऱ्या विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

गंमत म्हणजे जन्मदर घटवण्यासाठी अशी जबरदस्ती लागतच नव्हती. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, अर्भकं जगू लागली आणि पाळणा आपोआप लांबला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 आला, गोव्याचा 1.3.

घसरत्या जन्मदराची धास्ती युरोपने आपल्याआधी घेतली होती. स्वीडनमध्ये 1934 मध्ये आल्वा आणि गुन्नार मिर्दाल या जोडप्याने लोकसंख्येच्या संकटावर पुस्तक लिहिलं आणि धास्तीचा रोखच फिरवला. मुलं हवीत ना, मग घरं द्या, आईची नोकरी टिकवा, मुलांचा खर्च समाजाने वाटून घ्या. आणि गर्भनिरोधकंही खुली करा, कारण नको असलेलं मूल कुणाच्याच हिताचं नाही. 1974 मध्ये तिथे बापालाही पगारी पालकत्व रजा मिळू लागली. एवढं करूनही आज स्वीडनचा दर दीडच्या खालीच आहे. दक्षिण कोरियाने तर पैसा ओतला, तरी 2023 मध्ये तिथला दर 0.72 वर आला.

यावरून ‘मग खर्च कशाला?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. मूल हवं असूनही परवडत नाही, रजा नाही, पाळणाघर नाही म्हणून थांबलेल्या जोडप्याला मदत करायची ती त्यांच्यासाठी. त्याने राज्याचा दर किती हलला हे विचारायचं तर दवाखान्यांनाही तेच विचारावं लागेल. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2023 मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झालं. खासगी केंद्रात एका खेपेला लाख-दीड लाख सहज जातात आणि पहिल्याच खेपेला यश येईल याची हमी कुणी देत नाही. गोव्याची लोकसंख्या त्याने वाढणार नाही, पण ज्यांच्या घरी मूल येईल त्यांच्यासाठी ते पुरेसं आहे.

कायद्याने 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली, तिसऱ्याला बारा. तीन मुलांचा उपदेश करणाऱ्यांनी हे कलम वाचलंय का, कोण जाणे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघरही बंधनकारक झालं. आता बीडहून निघणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळीकडे पाहू. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. बाईला बरं नसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पोटुशी बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते, तान्हं फडाच्या कडेला झोळीत असतं. पाळी आणि दुखणी कामाच्या आड येतात म्हणून ऐन तिशीत गर्भाशय काढून टाकलेल्या बायका या जिल्ह्यात हजारोंनी आहेत. सव्वीस आठवड्यांच्या रजेचा अर्ज त्यांनी द्यायचा कुणाला? मुकादमाला की कारखान्याला, यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.