रांगेतला संसार

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं. न्यू जर्सीपासून फ्रीमाँटपर्यंत कितीतरी मराठी घरांत ते नेमाने वाचलं जातं. तक्त्यात भारताचा रकाना वेगळा असतो आणि त्यात एक तारीख. तुमचा अर्ज तिच्या आधीचा असेल, तर ग्रीन कार्डासाठी तुमचा नंबर लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये नोकरीवरच्या ग्रीन कार्डांच्या 'ईबी-२' वर्गातली ही तारीख १ डिसेंबर २०१४ होती. ऑक्टोबरात ती १ एप्रिल २०१२ झाली. रांग पुढे सरकायची सोडून अडीच वर्षांहून जास्त मागे गेली! २०२५ संपतानाही नंबर लागत होता तो २०१३ सालच्या अर्जांचा.

या रांगेतले बहुतेक जण एच-१बी व्हिसावर आहेत. हा व्हिसा तात्पुरता, तीन वर्षांचा, वाढवून सहा. १९९० च्या कायद्याने तो आजच्या रूपात आला, वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घेऊन. पुढे अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार आले. आपल्याकडे चर्चा चालते ती एवढ्याचीच : या मर्यादित जागांसाठीच्या लॉटरीत नाव आलं का, पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग झालं का. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा तर दुसरा विषयच नव्हता.

खरी गाठ पुढे आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात, तीही बायकामुलं धरून. इतरांची उरलीसुरली सोडली, तर एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. एच-१बीला मात्र अशी देशवार मर्यादा नाही, आणि त्याच्या मंजूर अर्जांत ७० टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात. कामाला घेताना जन्म कुठला हे बघायचं नाही, कायम करताना तेवढंच बघायचं. मधल्या काळात आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल, तर एच-१बीला तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते.

याची झळ घरात लागते. तिसऱ्या वर्षी पुण्याहून नेलेला मुलगा एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसावरून उतरतो. मग त्याने विद्यार्थी व्हिसा घ्यायचा आणि शिक्षण संपलं की मायदेशी परतेन, असं अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. कुठल्या मायदेशी? तिथेच जन्मलेली त्याची धाकटी बहीण मात्र अमेरिकन नागरिक असते. जोडीदाराला काम करता येतं ते २०१५ पासून, तेही आय-१४० मंजूर झाल्यावर. (मुलगा 'एच-वन'वर आहे म्हणून स्थळ पसंत करताना, इंजिनियर मुलगी तिथे काय करणार, हे किती घरांनी विचारलं?)

एच-१बीमुळे पगार पडतात, ही अमेरिकन नोकरदाराची तक्रार खोटी नाही. २०१४-१५ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या आयटी कर्मचाऱ्यांना, आपली जागा घेणाऱ्यांनाच काम शिकवावं लागलं. पण परदेशी माणूस स्वस्त पडतो तो बांधलेला असतो म्हणून. कंपनी बदलली की ग्रीन कार्डाची कागदपत्रं बहुधा पहिल्यापासून करावी लागतात. नोकरी गेली तर नवी शोधायला जेमतेम ६० दिवस. असा माणूस पगारासाठी भांडेल कसा? त्याला मोकळं केलं, तर पगार आपोआप चढेल. एक लाख डॉलरने त्याचा दोर सुटत नाही.

हे वॉशिंग्टनला कळत नाही असं नाही. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने नोकरीवरच्या ग्रीन कार्डांची देशवार मर्यादा उठवणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. २०२० मध्ये सिनेटनेही आपला मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि कायदा राहून गेला.

तेव्हा यंदा ज्यांच्या मुलामुलींचं नाव लॉटरीत येईल, त्यांनी पेढे जरूर वाटावेत. पण घर, लग्न, मुलं यांचे बेत ग्रीन कार्ड हातात येणारच असं धरून करू नयेत. आणि जन्म भारतातला असेल, तर ऑफर लेटरच्या आधी ते बुलेटिन एकदा वाचावं.