भाड्याची खोली आणि शेजारची खिडकी



जानेवारीत नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही पणजीला गेलो होतो. नातेवाइकांनी आमची सोय फोंतेन्हास या जुन्या वस्तीतील एका हॉटेलात केली. हॉटेल म्हणजे मूळचे राहते घरच, दुरुस्त करून दहा-बारा खोल्यांचे केलेले. शिसवी पलंग, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, जिन्यात निळ्या चित्रांच्या फरशा. एका रात्रीचे भाडे आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त होते. झोप मात्र उत्तम लागली, हे कबूल केले पाहिजे.

१८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज गोव्याची अधिकृत राजधानी झाली. मांडवीच्या मुखाजवळचे हे बंदराचे गाव. आल्तिन्योच्या टेकडीखाली खाडीलगत पिवळी, निळी, तांबडी घरे आहेत. २०१६ पासून डिसेंबरात शहरात कलांचा मोठा महोत्सवही भरू लागला. लोक पाहायला येतात यात नवल नाही.

सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून आम्ही गॅलरीत आलो. समोरच्या घराच्या पायरीवर पाचसहा तरुण मुले-मुली फोटो काढत होती. एक वयस्कर बाई कुंडीला पाणी घालायला खिडकीत आल्या, गर्दी पाहिली आणि खिडकी लावून घेतली. आम्हांला त्या मुलांचा राग आला. मग आठवले, आदल्या संध्याकाळी त्याच खिडकीचा फोटो आम्हीही मोबाइलवर घेतला होता, या पत्रिकेच्या मुखपृष्ठासाठी.

जवळच संत सेबास्टियनचे चॅपेल आहे. तिथल्या क्रूसावरील प्रभूचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. आम्ही गुडघे टेकून प्रार्थना करत होतो, तेव्हा मागून कॅमेऱ्याचा आवाज आला. वळून पाहिले नाही. पण प्रार्थना तिथेच तुटली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांटचा एक विचार आम्ही पाठ केला होता. १७८५ च्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते. काहींना प्रतिष्ठा असते, त्यांच्या बदल्यात काहीच देता येत नाही. परीक्षेत यावर चांगले गुण मिळाले होते. आता विचार करतो, खोलीला किंमत होती, ती दिली गेली. पण खोलीबरोबर आम्हांला ती गल्ली, ओट्यावर बसलेली माणसे, त्यांची सकाळ हेही मिळाले. ते कोणी विकले? हॉटेलमालकाचे ते नव्हतेच. त्या बाईंना एक पैसा मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी त्यांना खिडकी उघडी ठेवता आली असती असे नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याला सांगावे लागले की, अनोळखी माणसांचे फोटो विचारल्यावाचून काढू नका. एवढी साधी गोष्ट सरकारने सांगावी!

पैसे घेऊन पाहुणा उतरवून घेणे हलके काम आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेचा मालक आठवा. त्याने दोन दीनार घेतले आणि जखमी माणसाला सांभाळायचे काम पत्करले. त्याच्यावर आम्ही आजवर एकही प्रवचन दिलेले नाही, बिचारा नेहमी मागेच राहतो. शिवाय हॉटेल झाले नसते, तर ते घर कदाचित पडलेही असते. भोरमध्ये वाडे कसे ढासळतात ते आपण पाहतोच.

आणि प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. भाटघरच्या पाण्याकडेला बंगले उठत आहेत, वेल्ह्यात राजगड-तोरण्याच्या वाटेवर राहण्या-जेवणाच्या पाट्या लागल्या आहेत. आपल्यातल्याच एका कुटुंबाने माडीवर पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या आहेत. मुलाला नोकरीसाठी पुण्याला जावे लागणार नाही, याचा आईला केवढा आनंद! खोल्यांच्या आशीर्वादासाठी आम्हांला बोलावले, तेव्हा त्याने मोबाइलवर जाहिरात दाखवली. चित्रात शेजारच्या आजींचे अंगण होते, त्यांची गाय होती, चुलीपुढे बसलेल्या आजीही होत्या.

"आजींना विचारलंस का रे?" आम्ही म्हणालो.

"त्यांना काय विचारायचं, फादर? खोल्या तर आमच्याच घरात आहेत."

खोल्या त्याच्याच आहेत, यात शंका नाही. थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "त्या नाही म्हणाल्या तर?" याचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. त्याने कर्ज काढले आहे, हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.

आशीर्वादाची तारीख अजून ठरलेली नाही. बुधवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर तो आणि आम्ही आजींकडे चहाला जाणार आहोत. मुखपृष्ठावर या वेळीही आपल्या चर्चचेच जुने चित्र आहे. पणजीच्या खिडकीचा फोटो आम्ही पुसून टाकला.