दया की ऋण?

नागपुरात वरातीसाठी घोडी बाळगणाऱ्या एखाद्या गरीब गृहस्थाच्या दारी शिंगरू जन्मावे आणि ते उभेच राहू नये, असा प्रसंग वाचकांनी कल्पावा. निरोगी शिंगरू सुमारे दोन तासांत उभे राहून आईच्या सडांस लागते. रोगप्रतिकाराची शक्ती त्यास गर्भात लाभत नाही; ती चिकातून मिळते, आणि तीही पहिल्या चोवीस तासांतच अंगी लागते. तेव्हा ही शुश्रूषा उद्यावर टाकता येत नाही. घोडीचा चीक पिळावा, चोखण्याची शक्ती नसल्यास पशुवैद्याकडून तो नळीने पाजवावा, गोणपाटाची ऊब द्यावी, रात्रभर कूस पालटीत बसावे. इतके करूनही ते जगेलच असे नाही.

व्यवहारी मनुष्य विचारील, 'घरची मुले अर्धपोटी असता हा खर्च कशास?' हा प्रश्न निष्ठुर म्हणून झिडकारता येणार नाही. परंतु जिच्या पाठीवर घर चालले, तिच्या पिलाची शुश्रूषा ही आम्ही दया मानीत नाही. ती ऋणफेड होय. ऐपत ही तिची मर्यादा खरी. मात्र पैसा सरला तरी जागरण उरतेच. आणि यातनाच व्यर्थ लांबू लागल्या, तर हात आवरणे हेही त्याच ऋणात मोडते.