पाच वाजताचे कामकरी



आजच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला (मत्तय २०:१-१६) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मालक पहाटे कामकरी लावतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला पुन्हा बाजारात जातो. मजुरीच्या वेळी सर्वांना सारखाच एक दिनार मिळतो, तेव्हा दिवसभर उन्हात राबलेले कुरकुर करतात. खरे सांगायचे तर आपले मनही त्यांच्याच बाजूने असते.

आज आपण पाच वाजताच्या कामकऱ्यांकडे पाहू या. दिवसभर रिकामे का उभे आहात, असे मालकाने विचारले तेव्हा त्यांनी एकच कारण सांगितले : आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. ही माणसे आळशी नव्हती. आळशी माणूस संध्याकाळी पाचपर्यंत बाजारात उभा राहत नाही, घरी जाऊन झोपतो. अशी माणसे पाहायला आपल्याला लांब जायला नको. ती आपल्याच चर्चमधील बाकांवर बसलेली असतात.

मी सहायक धर्मगुरू असतानाची, १९९० नंतरच्या वर्षांतली गोष्ट. एका छापखान्यात खिळे जुळवणारे एक काका दर रविवारी पुढच्या बाकावर बसत. शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरे ते आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचत. छापखान्यात संगणक आला, खिळे भंगारात गेले आणि काका घरी बसले. त्यानंतर ते मागच्या बाकावर दिसू लागले, मग दाराबाहेर आणि पुढे दिसेनासे झाले. मी चौकशीला गेलो तो सहा महिन्यांनी. ते म्हणाले, “फादर, हात अजून चालतात हो. पण आता या हातांचे कोणाला काम नाही.” पैशांची अडचण होतीच, पण त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी सहा महिने उशिरा गेलो, ही खंत मला आजही आहे.

यंत्र वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, तो येशूसंघीय धर्मगुरूंमुळेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून निघाले, म्हणून ते घरोघरी वाचले गेले. आपले हे पत्रकही पूर्वी स्टेन्सिल कापून, शाईने हात काळे करून सायक्लोस्टाइलवर काढावे लागे. आज ते तासाभरात तयार होते. देवाने माणसाला दिलेल्या बुद्धीचेच हे फळ आहे.

मात्र एक गोष्ट बदलली आहे, ती म्हणजे वेग. युरोपात गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू केली. त्यानंतर पाचशे वर्षांनीही लहान छापखान्यांत खिळे हातानेच जुळवले जात होते. बापाचे कसब मुलाला आणि मुलाचे नातवाला पुरत असे. १९८५ च्या सुमारास डीटीपीचे युग सुरू झाले आणि काकांचे काम गेले. पुढे अनेक तरुण तेच डीटीपी शिकले आणि त्यावर त्यांनी संसार उभे केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आता संगणक मजकूर नुसता जुळवत नाही, तो लिहितो, भाषांतर करतो, ग्राहकांना उत्तरेही देतो. पाचशे वर्षे टिकलेल्या कामाची जागा ज्याने घेतली, त्याच्याच भवितव्याची चिंता चाळीस वर्षांच्या आत करावी लागत आहे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुले-मुली कॉल सेंटरमध्ये, हिशेबाच्या आणि संगणकाच्या कामावर आहेत. त्यांच्या आईवडिलांची चिंता मला कळते.

अशा काळात ख्रिस्तसभा गप्प राहिलेली नाही. कारखान्यांच्या युगात कामगार भरडले जात होते, तेव्हा पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. कामगाराचे घर चालेल इतकी मजुरी त्याला मिळणे हा न्याय आहे, असे त्यांनी शिकवले. तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबलेले पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये सांगितले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. यंत्र माणसाचा सोबती आहे, पण माणसाचे काम व कामातला आनंद हिरावून घेते तेव्हा ते जवळजवळ शत्रूच होते, असा इशाराही त्यांनी दिला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले. त्याचे कारण त्यांनी दोनच दिवसांत कार्डिनलांना सांगितले : आज आणखी एक औद्योगिक क्रांती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्यासमोर उभी आहे.

आता पुन्हा दाखल्याकडे वळू या. या मालकाकडे कारभारी होता. मजुरी वाटायला त्याने कारभाऱ्यालाच सांगितले. मात्र माणसे शोधायला तो स्वतः गेला, एकदा नव्हे, पाच वेळा. आणि मजुरी देताना त्याने तास मोजले नाहीत. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्यापेक्षा कमी मिळाले असते, तर त्या घरातली मुले त्या रात्री अर्धपोटी झोपली असती. माणूस किती काम उरकतो यावर बाजार त्याची किंमत ठरवतो. देवाच्या दरबारात ती त्याआधीच ठरलेली असते, कारण तो देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला आहे. ती किंमत कोणतेही यंत्र कमी करू शकत नाही.

बंधू-भगिनींनो, म्हणून आपल्याला काय करता येईल? ज्या घरात कोणाचे काम गेले आहे, तिथे टोमणे नकोत. “दिवसभर घरीच तर असता,” हे एक वाक्य माणसाला मोडून टाकते. ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांनी नवे यंत्र आणण्याआधी त्या माणसांना विश्वासात घ्यावे, नवे काम शिकवावे आणि मगच हिशेब मांडावा. तरुणांनो, एकच कौशल्य आयुष्यभर पुरेल असे समजू नका, शिकत राहा. आणि जे शिकाल ते शेजारच्या काका-मावशींनाही शिकवा. तसेच आपण सर्वांनी, एखादा चेहरा बाकावर दिसेनासा झाला, तर सहा महिने थांबू नये. मी थांबलो होतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात आपण बसू या. ज्यांचे काम गेले आहे किंवा जाण्याची भीती आहे, त्यांनी संकोच न करता यावे. ज्यांना काही शिकवता येते किंवा कोणाला काम देता येते, त्यांनीही जरूर यावे.

आज अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतील. माणसांच्या हातांचे श्रम त्यांत आहेत. त्यांच्यासोबत रिकाम्या राहिलेल्या हातांनाही प्रभूपुढे ठेवू या. नाझरेथच्या कार्यशाळेत येशूला काम शिकवणारे संत योसेफ आपल्या कुटुंबांसाठी विनंती करोत.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू