वाहनावरून माणूस जोखावा काय?

वारकऱ्याचे खरे वाहन म्हणजे त्याचे दोन पाय. तेव्हा या मासिकात मोटारगाडीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण वारीचे दिवस सोडले तर आपणही आता गाडीनेच हिंडतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे नागभीडहून सिरोंच्याला कीर्तनाला जायचे तर अर्धा दिवस गाडीतच जातो. आणि गाडी आली की तिच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो. स्वस्तातली, लहान, अधूनमधून रस्त्यात रुसून बसणारी गाडी ज्याच्या दारी आहे, त्याला इतर गाडीवाले ज्या नजरेने पाहतात, ती नजर न्यायाची आहे काय?

ती नजर कशी असते हे निराळे सांगायला नको. पुढे लहान गाडी दिसली की मागच्या मोठ्या गाडीचा भोंगा अगोदर वाजतो. पुढे तिच्याच तोलाची गाडी असेल तर तोच भोंगा धीर धरतो. लग्नमंडपाशी स्वयंसेवक लांबूनच हात करतो, "काका, तुमची ती तिकडे मागं लावा." ही खोड मोटारीबरोबर आलेली नाही हो. झाडीपट्टीत वऱ्हाड बैलगाड्यांनी जाई, तेव्हाही कोणाची दमणी, कोणाचे नुसते खाचर, कोणाच्या बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा, यावर सोयऱ्याचे वजन ठरतच होते.

याचे मोठे उदाहरण आपल्याच काळात घडून गेले. नवरा-बायको आणि लेकरे एकाच स्कूटरवर भिजत जाताना पाहून रतन टाटांच्या मनात स्वस्त गाडीचा विचार आला. ती नॅनो गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीस लोकांना दाखविण्यात आली आणि २००९ साली विक्रीस निघाली. किंमत एक लाखाच्या घरात बसावी म्हणून इंजिन ६२४ सीसीचे, पुढच्या काचेला वायपर एकच, चाकाला नट तीनच. हेतू करुणेचा होता. पण लोकांनी तिला 'गरिबाची गाडी' म्हटले, आणि ज्याच्यासाठी ती केली त्यालाच ती त्या नावामुळे नकोशी झाली. 'सर्वांत स्वस्त' ही ओळखच तिला बाधली, असे पुढे खुद्द टाटांनीही बोलून दाखविले. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले.

तिच्यात दोष नव्हते असे नाही. २०१० च्या सुमारास काही नॅनो पेटल्या. २०१४ च्या धडक-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. मात्र त्याच चाचणीत तिच्याहून महाग अशा आणखी चार गाड्यांनाही शून्यच मिळाले होते. लोकांच्या लक्षात राहिले ते स्वस्त गाडीचे शून्य. महाग गाडीचे शून्य तेवढे लक्षात राहिले नाही. यावरून काय दिसते? नजर दोष पाहत नव्हती, किंमत पाहत होती.

येथे शास्त्राचा आधार घेऊ. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक लाल दिसतो. लाली फुलाची, पण ती स्फटिकावर लादली जाते. एकाचा धर्म दुसऱ्यावर असा लादणे याला वेदांती अध्यास म्हणतात. आपले रोजचे बोलणे पाहा. गाडी बंद पडते आणि आपण सांगतो, "काल मी मूलजवळ बंद पडलो." अरे, तू कुठं बंद पडलास? तू तर बोलतो आहेस! कठोपनिषदात शरीराला रथ आणि आत्म्याला रथी म्हटले आहे. जेथे देहाशी एकरूप होणे हेच अज्ञान, तेथे पत्र्याशी एकरूप होणे म्हणजे अज्ञानावर आणखी एक मजला. हसणारा आणि लाजणारा, दोघेही त्याच मजल्यावर राहतात.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, मग गाडीला नावेच ठेवायची नाहीत काय?" अवश्य ठेवावीत. ब्रेक नीट लागत नाही, टायर गुळगुळीत झाले आहेत, हे सांगणे विवेक आहे. आणि गाडी स्वस्त म्हणून धन्याची जबाबदारी स्वस्त होत नाही. "आम्ही साधी माणसं" म्हणत टाळकरी, मृदंगवाला आणि दोन लेकरे कोंबून रात्री जंगलातून जाणे हा साधेपणा नव्हे, दुसऱ्याच्या जिवाविषयीची बेफिकिरी आहे. साधेपणाचाही अभिमान असतो, आणि तो तर लवकर ओळखूही येत नाही. गाडी जशी आहे तशी सांगावी, जमेल तितकी नीट ठेवावी. लाजू नये, मिरवूही नये.

आता खरे मोल कोठे कळते ते पाहा. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रीघ असते. दोन वर्षांमागे त्या वाटेवर आमच्या मृदंगवाल्याची जुनी गाडी, निराळ्याच बनावटीची, रात्री थांबली. काळोख, फोनला रेंज नाही, सोबत तापाने फणफणलेले लेकरू. तीन भारी गाड्या दिवा पाडून निघून गेल्या. मग एक रिकामा ट्रक थांबला. त्या ड्रायव्हरने गाडी कोणती, केवढ्याची, काही विचारले नाही. त्याने विचारले, "आत कोण आहे? कोणी आजारी आहे काय?" त्याने उपनिषद वाचले होते की नाही, देव जाणे. पण त्याने रथ सोडून रथी विचारला.

आपल्या संप्रदायाने हेच शिकविले आहे. चांगदेव वाघावर बसून आले, तेव्हा ज्ञानदेवादी भावंडे भिंतीवर बसली होती. ताडोबाच्या शेजाऱ्यांना वाघाचा रुबाब सांगायला नको. आणि भिंत म्हणजे जन्माचीच बंद पडलेली गाडी! तरी चालली ती भिंत, आणि नमले ते चांगदेव. पालखीपुढच्या माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही. रिंगणात तो धावून गेला की आपण त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतो. ती काय घोड्याची किंमत विचारून? त्या रिकाम्या खोगिरावर आपण माउलींना पाहतो म्हणून. उंदरावरून गणपतीला कोणी हलका मानला नाही; उलट गणपतीमुळे उंदराला नैवेद्य मिळाला. स्वारामुळे वाहनाला मान मिळावा, हा सरळ क्रम. वाहनावरून स्वाराचा मान ठरविणे हा उलटा.

आणि पांडुरंगाचे काय? गरुड समोर हात जोडून उभा असताना देव मात्र विटेवर उभा आहे. विटेहून स्वस्त काय असते?

म्हणून विनंती एवढीच. जंगलच्या वाटेवर लहान गाडी उभी दिसली तर भोंगा वाजवू नये. काच खाली करावी आणि विचारावे, आत कोण आहे? उत्तर कोणतेही येवो, आत तोच आहे, ज्याच्यासाठी आपण पंढरीस जातो.

रामकृष्णहरि.