पगार तेवढाच होता

झरी जामणी तालुक्यात कापूस वेचणी भरात आली की संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो. वेचणाऱ्या बायांची गाठोडी एकेक करून आकड्याला अडकतात आणि कोणीतरी वहीत किलो मांडतं. अशाच एका धुऱ्यावर मामा वजन सांगत होते आणि वणीच्या कॉलेजात इतिहास शिकणारी त्यांची भाची वही सांभाळत होती. वाद मात्र कापसाचा नव्हता. गावच्या शाळेत 26 जानेवारीला तिला नायक यशवंत घाडगे यांच्यावर बोलायचं होतं आणि मामांना ते साफ नामंजूर होतं.

"इंग्रजाचा शिपाई तो," मामा म्हणाले. "16 ऑगस्ट 1942 ले वर्धेपल्याड चिमूर पेटलं होतं. आपले लोक तिरंग्यासाठी मरत होते अन् हा इंग्रजाच्या पगारावर. पोरायले काय सांगशीन?"

भाचीने 10 जुलै 1944 चा दिवस सांगितला. इटली, वरचं टायबर खोरं, मराठा लाइट इन्फंट्री. मशीनगनच्या माऱ्यात घाडग्यांच्या हाताखालचे सगळे जवान पडले, कोणी ठार, कोणी जखमी. ते एकटेच धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी संपवलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत बसल्या. वय 22.

"पोटासाठी गेले असतील, मामा. सक्तीची भरती नव्हतीच. पण त्या घटकेला ते जमिनीला चिकटून पडून राहिले असते, तरी पगार तेवढाच होता."

"मंग कोणासाठी धावला? राजासाठी?"

"बाजूला पडलेल्या सोबत्यांसाठी."

"अस्सं! मंग त्या जर्मनाचेबी सोबती बाजूलेच होते ना."

इथे भाची अडली, आणि अडायलाच हवं होतं. सोबत्यासाठी जीव देणारे दोन्ही बाजूंना असतात. तेवढ्यावर लढाई न्याय्य ठरत नाही. ती फॅसिझमविरुद्धच्या लढाईकडे वळली. इटलीत 5,782 भारतीय सैनिक मेले, मोन्टोने गावात 2023 साली घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, हेही तिने सांगितलं.

"इटलीवाले मोकळे झाले. हा मेला तो गुलामच."

याला उत्तर नाही. भाचीनेही दिलं नाही. तिने लाल किल्ला काढला. मार्च 1945 मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी तिथे घाडग्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हाती दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. हे तिघेही आधी इंग्रजांच्याच फौजेतले.

"त्यायनं बाजू बदलली. म्हणूनच तर सलाम."

"लक्ष्मीबाईंनी काय बदलायचं होतं? भरतीचा कागद त्यांचा नव्हता, नवरा मात्र त्यांचा गेला. कबरही नाही, इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव आहे. त्यांनी पदक परत करायला हवं होतं का?"

मामा वजन सांगायचे विसरले. "अवो दादा, माहं किती भरलं?" गाठोडंवाली ओरडली, तेव्हा काटा पुन्हा हलला.

"आणि सुभेदार रामजी सकपाळ?" भाचीने विचारलं. बाबासाहेब आंबेडकरांचे हे वडीलही इंग्रजांच्या फौजेत होते, फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेब 1891 साली जन्मले ते महूच्या छावणीत. गावच्या शाळेने जे शिक्षण नाकारलं ते फौजेने दिलं. पुढे त्याच फौजेने महारांना दार बंद केलं आणि 1941 मध्ये गरज पडल्यावर महार रेजिमेंट उभारली.

"त्यायचं येगळं."

वेगळं ते कसं, हे मामांना सांगता येईना. मागे राहिलेल्या घराला काय मिळालं यावर पूर्वजाची किंमत ठरवायची, तर रामजी मोठे ठरतात आणि घाडगे तोट्यात जातात. हा हिशेब कापसाला चालेल. पण नोकरी कोणाची केली एवढंच पाहायचं, तर दोघेही एकाच रांगेत उभे, आणि बाबासाहेबांच्या वडिलांना त्या रांगेत उभं करायची मामांची तयारी नव्हती.

"भाषणाले किती येळ दिला शाळेनं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"मंग चिमूरचंबी सांग त्यातच. अन् त्या बाईचं."

"मग रामजींना वेळच उरत नाही."

"हेडमास्तरले पंधरा माग. अन् हे लिही, एकवीस किलो."