हाताला काय येतं?

झांबियातल्या एका मिशनवर दोन वर्षांसाठी जायचं नक्की झालं आणि तेलंगणातल्या बेला गावच्या एका पोराच्या घरात धांदल उडाली. आईनं तिखट-हळद बांधली, डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि त्यानं स्वतः इंग्रजीतले उपदेश घोकायला घेतले. घरी मराठी, कचेरीत तेलुगू, गुड्यात गोंडी ऐकत वाढलेला हा पोरगा. भाषा म्हणजे काय चीज असते, हे खरं तर त्याला सांगायला नको होतं. तिकडच्या लोकांची बोली बेंबा आहे असं मिशनच्या पत्रात लिहिलं होतं. तरी उपदेश इंग्रजीतच राहिले.

निघण्याआधी तो गुरुजींना भेटायला गेला. गुरुजींची उमेदीची वर्षं नाशकात गेली होती. निवृत्तीनंतर ते पैनगंगेच्या अलीकडे, आपल्या गावी परतले होते. त्यांनी सगळी तयारी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "हाताले काय येते तुले?"

"बोलता येते नं, गुरुजी."

"तोंडाचं नाही विचारलं, बापू."

मग त्यांनी शरणपूरची गोष्ट काढली. नाशकात आज शरणपूर रोडवर पाय ठेवायला जागा नसते. दीडशे वर्षांपूर्वी तिथं चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. गुलाम म्हणून विकायला चालवलेली आफ्रिकेतली मुलं इंग्रजी आरमार समुद्रात सोडवायचं आणि मुंबईला उतरवायचं. त्यांतली बरीच शरणपुरात वाढली, अक्षरांबरोबर सुतारकी-लोहारकी शिकली. याओ जमातीचा जेकब वेनराइट त्यांतलाच. 1872 मध्ये पत्रकार स्टॅनलीनं झांझिबारहून आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनकडे माणसं धाडली, त्यांत तोही होता.

1873 च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी, म्हणजे आजच्या झांबियात, वारला. सुसी आणि चुमा ही त्याची जुनी माणसं. त्यांनी मालकाचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना वाचली, खोडावर नाव कोरलं. मग मढं मिठात आणि उन्हात सुकवून, झाडाच्या सालीत नि कापडात गुंडाळून ती माणसं समुद्राकडे चालू लागली. महिनोन्‌महिने.

"एका ठिकाणी मोठी पंचाईत झाली," गुरुजी म्हणाले. "मढं घेऊन कोणी गावातून जाऊ देईना. मंग त्यायनं काय केलं? ज्वारीचे धांडे कापले."

"आपल्यासारखे?"

"आपल्यासारखेच. माणसाएवढी मोळी बांधली, वरून कापड गुंडाळलं, आन् 'मढं मागं नेऊन पुरतो' म्हणून चारदोन जणांसंगं धाडली. जंगलात गेल्यावर त्यायनं एकेक धांडा इकडं तिकडं फेकून देला. खरं मढं व्यापाऱ्याच्या कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढं नेलं."

1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोहोचले. एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं, तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब होता. तिथल्या दगडावर विश्वासू हातांनी आणल्याचं कोरलंय. हात कोणाचे, ते कोरलेलं नाही.

पोरगा जरा खट्टू झाला. "पण त्यायले तसं वागायले शिकवलं ते लिव्हिंग्स्टनच्या उपदेशानंच नं?"

"उपदेशानं त्याच्या पदरात एक सेचेले राजा पडला म्हणतात, आन् तोही पुढं डगमगला. आन् शरणपूरचेही सारे जेकब नव्हते. 1866 मध्ये जी पहिली तुकडी नेली होती, तिच्याबद्दल त्यानं वहीत नुसती कुरकुर केली आहे."

ही कुरकुर गुरुजींनी गाळली नाही, म्हणून मला त्यांची गोष्ट जास्त पटते. मिशनच्या गोष्टींत सहसा सगळे संतच असतात.   

मग गुरुजींनी खिडकीतून शाळेपुढचा हापसा दाखवला. "इंडिया मार्क टू. याच्या मुळाशी जालना-सोलापूरकडच्या मिशनवाल्यांचं बोअरचं काम आहे. तुझ्या झांबियातही हाच हापसा हाय. तो नादुरुस्त झाला का बायका कोसभर पाण्याले जातात. त्यायच्यापुढं तू इंग्रजीत काय बोलशीन?"

पोरगा उत्तर न देता उठला. राग आला होता, लपला नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या गावातला हापसा बंद पडला, तेव्हा मेकॅनिकाबरोबर मात्र तो होता. सिलिंडरमधलं कातडी वायसर गेलं होतं. गोष्ट तळहाताएवढी, पण ती बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागतात. तिकाटणं उभं केलं, चार जण दोराला लागले. पोराच्या हातात पाना. तिसरा पाइप वर आला आणि घामानं त्याची पकड सैल झाली.

"अबे, धर नं नीट!" मेकॅनिक खेकसला. "पाइप बोअरात गेला तं सारं गाव मले शिव्या घालन. तुह्या त्या झांबियात कोण येणार हाय पाना धरायले?"